हत्तीरोगाचा जंत आणि संगणक

प्रश्न : हत्तीरोगाच्या जंतावरचे औषध संगणक शोधू शकेल का?

उत्तर : औषध नव्हे, पण घाव कुठे घालायचा ते तो दाखवतो. ब्रुगिया मलायी या जंताचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाने तो माणसाच्या जनुकांशी ताडला, की जंताला अत्यावश्यक पण आपल्यात नसलेली प्रथिने वेगळी काढता येतात. जनुकांच्या अशाच तुलनेतून कळले, की हीम हे लोहयुक्त संयुग बनवणारी बहुतेक जनुके जंताकडे नाहीतच. ती त्याच्या शरीरातल्या वोल्बाकिया जिवाणूकडे आहेत. म्हणजे जंत या जिवाणूवर अवलंबून असावा. हे नुसते अनुमान, हा आक्षेप रास्त; प्रयोगशाळेची कसोटी टळत नाही. पण डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने वोल्बाकिया मारला की जंत वांझ होतो, हे रुग्णांत दिसले आहे. मात्र हा उपचार कित्येक आठवडे चालतो, गरोदर स्त्रियांना देता येत नाही. म्हणून नवे लक्ष्य हवेच. तोवर गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांनी सामुदायिक औषधोपचार मोहिमेतल्या गोळ्या कर्मचाऱ्यांसमोरच घ्याव्यात.