सोर्स पॅच : सांभाळायला किती पडतात?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये आपल्या सोयीचे बदल करून घेताना बहुतेक कंपन्या फक्त ते बदल करण्याचा भाव विचारतात. तो खर्च एकदाच होतो. पण मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की असा प्रत्येक बदल, म्हणजे पॅच, तिच्यावर पुन्हा बसवावा लागतो, आणि हा खर्च कोटेशनमध्ये सहसा दिसत नाही.

अवजारे मोफत आहेत. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला 'पॅच', पॅचांची रांग लावणारा 'क्विल्ट', 'गिट', कशालाच पैसे पडत नाहीत. पैसे पडतात माणसाच्या तासांचे. उदाहरणार्थ, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या छोट्या आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात, म्हणजे वर्षाला चार. समजा तुमचे पाच पॅच आहेत आणि प्रत्येकाला अर्धा तास लागतो. वर्षाचे दहा तास झाले. तासाला हजार रुपये धरले तर दहा हजार. चाचणीचे वेगळे. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीवर जाताना वेळ याहून बराच जास्त जातो. म्हणून पाच वर्षांचा आकडा आधी काढा.

कमी भाव सांगणारा वेळ कुठे वाचवतो, तेही पाहा. आजूबाजूच्या ओळी पूर्ण जुळल्या नाहीत तरी 'पॅच' बदल बसवून टाकतो. याला फझ म्हणतात. बिल्ड बिनतक्रार होतो, पण बदल भलत्याच ठिकाणी गेलेला असू शकतो. डेबियन या लिनक्स वितरणाचे '३.० क्विल्ट' हे पॅकेज-स्वरूप फझ मुळीच खपवून घेत नाही. तुमच्या करारातही ही अट हवीच.

न तपासलेला पॅच किती महागात पडतो, हे डेबियननेच अनुभवले. व्हॅलग्रिंड या तपासणी-साधनाच्या इशाऱ्यांमुळे २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल या एनक्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजातून दोन ओळी वगळल्या गेल्या. हा बदल मूळ प्रकल्पात कधीच गेला नाही. यादृच्छिक संख्यांचा आधारच गेल्याने एका प्रकारच्या किल्ल्यांच्या जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तेव्हा डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूच्या असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

म्हणून प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत मागा आणि तिच्या डोक्यावर कारण, करणाऱ्याचे नाव, तारीख व मूळ प्रकल्पाला पाठवला की नाही, हे लिहून घ्या. सगळे बदल एकाच मोठ्या डिफमध्ये, म्हणजे फरकांच्या एकाच फाइलीत, मिळाले, तर उद्या व्हेंडर बदलल्यावर नव्या माणसाचे पहिले बिल ते उलगडण्याचेच येईल. दोष दुरुस्त करणारा पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याचे पैसे आनंदाने द्या. तो स्वीकारला गेला की त्याचा सांभाळ संपला. लोगो किंवा फोल्डरचे मार्ग बदलणारे पॅच मात्र तुमच्याकडेच राहतील.

एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) सही करण्याआधी पॅचांची यादी मागा. ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही, तो पॅच वगळून एकदा बिल्ड आणि चाचणी करायला सांगा.