सावकाराला करून दिलेलं खरेदीखत

प्रश्न : परवाना नसलेल्या सावकारानं कर्जापोटी माझ्या शेताचं खरेदीखत नोंदवून घेतलं. आता मोडता येईल? – एक शेतकरी, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : येऊ शकतं. नोंदणी झाली की व्यवहार पक्का, हा समज सोडा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १० मोकळी संमती आणि कायदेशीर उद्देश मागतं. दबावाखालचा करार तुम्हाला रद्द करून घेता येतो. बेकायदा उद्देशाचा मुळातच शून्य. पण दिवाणी दाव्यापेक्षा २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम तुम्हाला जवळचा. कलम १८ खाली वर्ध्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) अर्ज करा. खत सावकारीतूनच झालं हे पटलं, तर ते अवैध ठरवून ताबा परत देववतात. व्याजाच्या चिठ्ठ्या, पासबुकातल्या नोंदी, शेत आजही तुम्हीच वाहत असाल तर त्याचे साक्षीदार जोडा. मुदतीचं बंधन आहे. पेरणी उरकू द्या म्हणत थांबू नका.