चाळिशीनंतर स्नोबोर्ड शिकता येतो का?

प्रश्न : माझं वय 41. शेती आहे, जोडीला खत-बियाण्यांचं दुकान. मागच्या वर्षी मित्रांसोबत काश्मीरला गेलो होतो. गुलमर्गला दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उतारावरून वळणं घेत येणारी मुलं पाहिली. आम्ही स्लेजवर बसून फोटो काढले आणि परत आलो, पण ती फळी काही डोक्यातून जात नाही. परभणी जिल्ह्यात राहून, या वयात, हे शिकता येईल का? की हाडं मोडून घ्यायचं काम आहे?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : शिकता येईल. हाडांची भीती खोटी नाही, पण तिचा बंदोबस्त करता येतो. मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बोर्ड पायाला बांधला, तोही गुलमर्गलाच. म्हणून आधी पहिल्या दिवसाबद्दल सांगतो. हा खेळ सोडणारे बहुधा त्याच संध्याकाळी सोडतात, आणि थोडी आधी कल्पना असती तर त्यातले कितीतरी टिकले असते.

स्कीमध्ये पाय मोकळे असतात. तोल गेला की एक पाय बाजूला टाकून सावरता येतं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय आडवे जखडलेले, हातात काठ्याही नाहीत. त्यामुळे पहिले दोन दिवस माणूस सतत पडतो. स्की शिकणारे शेजारी तोवर हळूहळू उतरायला लागलेले असतात आणि आपण बर्फात बसलेलो असतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोर्डचं मर्म पायाला कळलं की प्रगती झपाट्याने होते. तेव्हा दोन दिवसांची सुट्टी काढून जाऊ नका. निदान सहा-सात दिवस हातात ठेवा.

ते मर्म तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं, कारण तुम्ही शेतकरी आहात. वखरणी करताना पास जमिनीत धरावी म्हणून वखराच्या खोडावर कधी ना कधी उभे राहिला असाल. तिथे गुडघे ताठ ठेवून चालत नाही. ढेकूळ आलं की अंग आपोआप खाली बसतं, आणि वजन जरा इकडेतिकडे झालं की पास वर येते नाहीतर खोल जाते. बोर्डच्या दोन्ही लांब कडांना पोलादी पट्टी असते. तीच इथली पास. उतारावर आडवं उभं राहिलं की फक्त डोंगराकडची कड बर्फात रुतलेली हवी. टाचांवर वजन घेतलं की टाचेकडची कड धरते, चवड्यांवर घेतलं की चवड्याकडची. दरीकडची कड चुकून खाली टेकली, तर बोर्ड जागच्या जागी अडतो आणि माणूस फेकला जातो. पहिल्या दिवसाचे जोरदार आपटे बहुतेक याच एका चुकीचे असतात.

शिक्षक म्हणूनच आधी वळायला शिकवत नाहीत. टाचेच्या कडेवर सरळ खाली घसरायचं, थांबायचं, मग डावीकडे, मग उजवीकडे, झाडाचं पान डुलत डुलत खाली येतं तसं. दिवसभर तेच. कंटाळा येतो, पण ते पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझे शिक्षक दर दहा मिनिटांनी एकच गोष्ट बजावत होते : नीचे मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो. पायाकडे पाहिलं की खांदे वाकतात, खांद्यांमागे कंबर जाते आणि कड सुटते. समोरच्या देवदारावर नजर ठेवून मी पहिल्यांदा न पडता उतारापलीकडे पोचलो, तेव्हा ते वाक्य पटलं.

आता हाडांचं. स्नोबोर्डवर नवख्यांना सगळ्यात जास्त दुखापत मनगटाला होते. पडताना आपण तळहात टेकतो आणि सगळं वजन मनगटावर येतं. पुढे पडत असाल तर मुठी आवळून कोपरापासूनचा हात टेका. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावा, हात पोटाशी घ्या आणि खाली बसल्यासारखे कुल्ल्यावर लोळा. हे घरी गादीवर पन्नास वेळा करून पाहा. तिथे विचार करायला वेळ नसतो. मनगटाचे संरक्षक पट्टे आणि हेल्मेट याबाबत काटकसर नको. गुडघ्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल, रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरच्या तयारीला बर्फ लागत नाही. उठाबशा काढा. टाचा न उचलता उकिडवं बसायची सवय ठेवा, घोट्याचा तो वाक बोर्डवर फार कामी येतो. पाण्याच्या जाड पाइपाचा हातभर तुकडा आडवा टाकून त्यावर फळी ठेवा आणि भिंतीला धरून तोल साधा. कोणता पाय पुढे ठेवायचा हेही घरीच ठरवा : मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरताना जो पाय आपसूक पुढे जातो, तोच. डावा पुढे असेल तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा असेल तर गूफी. दोन्ही बरोबरच.

हैदराबादचं स्नो वर्ल्ड तुम्हाला जवळ पडेल, पण तिथे बर्फात खेळण्याची हौस भागते, हा खेळ शिकून होत नाही. शिकायला हिमालयच गाठावा. गुलमर्गला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था. दोन्हीकडे मुख्य भर स्कीवर असतो. म्हणून अर्ज करताना वयाची अट आणि स्नोबोर्डला स्वतंत्र शिक्षक आहे का, हे स्पष्ट विचारा. बोर्ड विकत घेऊ नका, भाड्याने मिळतो. उभा धरला की हनुवटीपर्यंत यावा. बुटात टाच उचलली जात असेल तर ती जोडी परत करा. जीन्स घालून जाऊ नका, ती भिजली की थंडीने दिवस संपला. परभणीत डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता, ती थंडी तुम्ही सोसली असेल. पण गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवा, भरपूर पाणी प्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. शिकत असेपर्यंत खालचा सौम्य उतार सोडू नका. तिथली केबल कार, म्हणजे गंडोला, तुम्हाला थेट अफरवट शिखराच्या माथ्याजवळ नेते, आणि तिथून खाली येण्याचा मोह होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. ती जागा नवख्याची नाही.

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा, पण बर्फाचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. तिथल्या शिक्षकाला फोन करून उतारावर किती बर्फ आहे ते विचारा आणि मगच निघा. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस रोज दिल्लीकडे जाते, आणि जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतही रेल्वेनेच जाता येतं.