मुलांचे वजन व घरची परिस्थिती

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या तालुक्यांत मुलांचे कुपोषण हा जुना प्रश्न आहे. परंतु घरात पैसा येताच उलट प्रश्नही उद्भवतो. विकसनशील देशांत लठ्ठपणा प्रथम सधन कुटुंबांतील मुलांत आढळतो. पुढे स्वस्त तळलेले व गोड पदार्थ गावोगाव पोचले, की तो गरिबाघरीही शिरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. गुटगुटीत मूल निरोगीच असते, हा समज सोडावा. अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मोजून घ्यावी. खाऊला पैसे देण्याऐवजी घरची नागलीची भाकरी, डाळ, भाजी व फळे द्यावीत आणि मुलांस रोज मैदानावर खेळू द्यावे.