जुन्या वाहनांची राखण : किल्ली, सायरन आणि इमोबिलायझर

इंद्रायणीकाठच्या देहू गावी वर्षातून दोन वेळा वाहनांची विशेष दाटी होते. फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकाराम बीज आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीस पालखीचे प्रस्थान. एरवीदेखील या परिसरातून आकुर्डी, तळवडे व चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या दुचाक्या, शाळांच्या गाड्या आणि स्थानिक संस्थांची वाहने रात्रंदिवस ये-जा करीत असतात व मिळेल त्या मोकळ्या जागेत उभी राहतात. त्यांत जुन्या वाहनांची संख्या लहान नाही. किल्ली खिशात आहे, म्हणजे वाहन सुरक्षित आहे, अशी त्यांच्या मालकांची सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे किल्ली प्रत्यक्षात कोणते काम करते यावर अवलंबून असते.

मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरीचे व मोटारसायकलीचे उदाहरण घ्यावे. तिच्या इंजिनास ठिणगीपुरती वीज इंजिन स्वतःच तयार करून देते. त्याकरिता बॅटरी लागत नाही. अशा वाहनात किल्ली 'बंद' कडे फिरविली म्हणजे ती वीज सांगाड्यात उतरविली जाते व ठिणगी पडत नाही. किल्ली येथे परवानगी देणारी अधिकारी नसून केवळ एक खटका आहे. जुन्या डिझेल वाहनांचीही तीच गोष्ट. त्यांत ठिणगीच नसते. पंपाने डिझेल पुरविले की इंजिन चालते आणि पुरवठा तोडला की थांबते. अनेक जुन्या मालमोटारींत हे काम हाताने ओढावयाची तार करीत असे; पुढे पंपावर विजेवर चालणारी झडप आली. या वाहनांचा खरा बंदोबस्त होता तो हँडल अथवा स्टिअरिंगच्या लॉकचा, आणि तोदेखील वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेला.

यावर उपाय म्हणून बसविल्या जाणाऱ्या तीन साधनांची नेहमी गल्लत केली जाते. रिमोट चावी दार उघडते व लावते. सायरन ओरडतो. इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही. (या शेवटच्या साधनास मराठीत गतिरोधक म्हणणे शोभले असते, परंतु तो शब्द रस्त्यावरील उंचवट्यांनी आधीच अडवून ठेवला आहे.) बाजारात तिन्ही एकाच खोक्यात मिळत असली, तरी तिन्हींचे काम भिन्न आहे.

रिमोट चावीत नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल आणि एक छोटा रेडिओ प्रक्षेपक असतो. कळ दाबली की तो एक सांकेतिक क्रमांक हवेत सोडतो. आरंभीच्या साध्या रिमोटमध्ये हा क्रमांक प्रत्येक वेळी तोच असे. त्यामुळे जवळपास उभ्या असलेल्या माणसाला तो टिपून घेऊन पुन्हा वाजविणे अवघड नव्हते. पुढे बदलत्या क्रमांकाची पद्धत आली. तिची कल्पना कार्यालयातील जावक क्रमांकावरून चांगली येते. प्रत्येक पत्रावर पुढचा क्रमांक पडतो. एखादे पत्र वाटेत गहाळ झाले, तरी त्याच्या नंतरचे पत्र स्वीकारण्यास प्रत्यवाय नसतो. मात्र मागचा क्रमांक घेऊन आलेले पत्र संशयास्पद ठरते. वाहनातील ग्रहणयंत्र असेच वागते. मूल खेळताखेळता गाडीपासून दूर कळ दाबत राहिले आणि क्रमांक फारच पुढे गेला, तर मात्र यंत्र चावीला ओळखीनासे होते. अशा वेळी गाडीजवळ जाऊन ठरलेल्या रीतीने पुन्हा ओळख पटवून द्यावी लागते. ही पद्धतही अभेद्य नव्हे. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या व जगभर वापरल्या गेलेल्या 'कीलॉक' या पद्धतीतील उणिवा २००७ व २००८ साली संशोधकांनी दाखवून दिल्या.

सायरनचे सामर्थ्य ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. धक्का ओळखणारा त्याचा संवेदक अतिशय हळवा ठेवला, तर शेजारून गेलेली मालमोटार किंवा दिंडीतील पखवाजही त्यास पुरेसा होतो. चार वेळा विनाकारण ओरडलेल्या गाडीकडे पाचव्या वेळी कोणी वळूनही पाहत नाही. ज्याला एकाच साधनाचा खर्च परवडतो, त्याने सायरनवर तो करू नये.

इमोबिलायझरची रचना या तिघांत अधिक विचारपूर्वक केलेली आहे. कारखान्यातूनच ज्यास हे साधन बसून आलेले असते, अशा वाहनाच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी एक चिप असते. तिला सेल नसतो. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्यातूनच चिपला शक्ती मिळते; मग ती आपली ओळख सांगते. प्रगत प्रकारात गाडीतील यंत्र प्रत्येक वेळी नवी संख्या पाठवून तिचे उत्तर मागते. पाठ केलेले उत्तर नव्हे, तर दर वेळी नवे गणित सोडवून घेणाऱ्या शिक्षकासारखी ही परीक्षा असते. उत्तर चुकले की इंधन किंवा ठिणगी रोखली जाते. यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. रिमोटचा सेल संपला, तरी अशी गाडी किल्लीने सुरू होते. गोंधळून जाण्याचे कारण नाही. उलट, किल्लीवाल्याने केवळ धातू कापून दिलेल्या नकली किल्लीने दार उघडेल, सेल्फही फिरेल; पण इंजिन लागलेच तर क्षणात बंद पडेल. गाडीत बिघाड झाला असे समजून गॅरेजमध्ये पैसे घालविण्यापूर्वी किल्ली तपासावी.

युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे केले. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९९५ ते २००८ या काळात त्यामुळे तेथील मोटारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. हा हिशेब करताना त्यांना आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागली. साधन असलेल्या गाड्या अवघड झाल्यामुळे चोरांचा काही मोर्चा साधन नसलेल्या, म्हणजे मुख्यतः जुन्या गाड्यांकडे वळतो. देहूच्या वाहनतळावर नव्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या मालकाने हे ध्यानी घ्यावयास हवे.

जुन्या वाहनास हे साधन मागाहून बसविता येते. त्यात बहुधा एक रिले असतो व तो सेल्फ, इग्निशन किंवा डिझेल पंपाच्या झडपेची वाट तोडतो. याच कामात सर्वाधिक हयगय होते. वायर कापून नुसती पिळलेली व चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी पावसाळ्यात गंजते, तापते आणि प्रसंगी पेट घेते. शिवाय इंजिन चालू असताना पुरवठा तुटेल अशी जोडणी कदापि करून घेऊ नये. घाटात इंजिन बंद पडले, तर ब्रेकला मिळणारे साह्य काही वेळातच संपते. सेल्फची वाट तोडणारी जोडणी या दृष्टीने निर्धोक. कारण एकदा सुरू झालेल्या इंजिनास सेल्फची गरज नसते. मात्र किक मारून किंवा ढकलून सुरू होणाऱ्या वाहनास तिचा उपयोग नाही. तेथे चांगले हँडल लॉक आणि चाकास घालावयाची साखळी हाच स्वस्त व भरवशाचा मार्ग होय.

विजेचा हिशेबही करून पाहावा. सायरन व ग्रहणयंत्र मिळून सतत २० मिलिअँपिअर वीज घेत असतील, तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास खर्च होतो. उन्हाळी सुटीत ४५ दिवस उभ्या राहिलेल्या शाळेच्या गाडीत हा खर्च २१.६ अँपिअर-तास भरतो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची व काहीशी जुनी असल्यास जूनमध्ये गाडी सुरू होणार नाही. आठवड्यातून एकदा गाडी काही अंतर चालविणे किंवा बॅटरीची जोडणी सोडून ठेवणे, यांपैकी एक काही करावे.

विम्याच्या बाबतीत २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात, पुण्याच्या ए. आर. ए. आय. या संस्थेने मान्य केलेले चोरी-प्रतिबंधक साधन बसविल्यास वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, खासगी मोटारीसाठी कमाल ५०० रुपये, सवलत ठेवण्यात आली. रक्कम लहान आहे. परंतु साधन मान्यताप्राप्त आहे किंवा नाही हे विचारण्यास तेवढे निमित्त पुरे. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. म्हणून संस्थेच्या वाहनाची एक किल्ली चालकाकडे व दुसरी कार्यालयाच्या तिजोरीत, नोंदवहीत सही घेऊन ठेवावी. खिळ्यास टांगलेल्या किल्लीपुढे कोणतेही साधन निरुपयोगी ठरते. वाहन निर्लेखित करून लिलावात विकले गेले, तर सर्व किल्ल्या, रिमोट आणि इमोबिलायझरच्या संकेतांकाचे कार्ड खरेदीदाराच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्यावी.