पाठीचा कणा आणि हाताचा इलाज

कंबरेत उसण भरली की आमच्या गावी पायाळू माणसाची लाथ घेतात. अमेरिकेत आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी १८९५ साली सुरू केलेली कायरोप्रॅक्टिक पद्धती इतकी भाबडी नाही. पण तिलाही मर्यादा आहेच.

उतारवयात मणक्यांचे सांधे व अस्थिबंध जाड होतात, मणक्यातील पोकळी अरुंद होते आणि आतील मज्जातंतू चेपले जातात. हा स्पायनल स्टेनोसिस. रोग्याचे पाय चार पावलांत भरून येतात, पुढे वाकून बसला की बरे वाटते; कारण वाकल्याने पोकळी किंचित रुंदावते. म्हणूनच कायरोप्रॅक्टर हलका ताण देत कंबर पुढे वाकवतो. मात्र वाढलेले हाड हाताने झिजत नाही. अमेरिकेत २५९ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हस्तोपचार व व्यायाम घेणाऱ्यांना दोन महिन्यांनी इतरांहून अधिक उतार दिसला. सहा महिन्यांनी तो फरक उरला नाही. जन्मभर वाकून भांगलण केलेल्या आमच्या आयाबायांना तेवढी उसंतही थोडी नव्हे, असे मला वाटते. परंतु लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा पडू लागला, तर हा इलाज तत्काळ थांबवून रोग्याला इस्पितळातच न्यावे.