संत्र्याची बाग : कीड, रोग आणि नियम

दिवाळीनंतर आपल्या इंदूरच्या मंडीत संत्र्यांचे ढीग लागू लागतात. काही आगर-माळव्याची, काही पांढुर्णा-सौंसरची, काही थेट वरूड-नागपूरकडची. आपल्या शाळेतील कितीतरी घरांचे नातेवाईक त्या पट्ट्यात आहेत आणि काहींच्या स्वतःच्या बागाही आहेत. म्हणून या वेळच्या पाठासाठी आम्ही संत्रे हा विषय घेतला आहे. त्याची चव सर्वांना माहीत आहे. बागाईतदाराची काळजी मात्र शहरातल्या घरांत फारशी कळत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. सोयाबीन चार महिन्यांत घरात येते. संत्र्याचे झाड पाचव्या-सहाव्या वर्षी नीट फळायला लागते आणि चांगली निगा राखली तर वीस-पंचवीस वर्षे चालते. सहा-सहा मीटरवर लावले तर एकरात साधारण एकशे दहा झाडे बसतात. पहिली काही वर्षे त्यांना पाणी, खत, औषध सगळे द्यायचे आणि मंडीत न्यायला काहीच नसते. बागेवरच्या प्रत्येक संकटाचा विचार या हिशोबातच करावा लागतो.

संत्र्याचे झाड खरे तर दोन झाडांचे बनलेले असते. खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. हा डोळा जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर भरलेला असावा आणि रोप लावताना तो जोड कधीही मातीखाली जाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. ही उंची फार महत्त्वाची आहे, कारण मातीत राहणारी फायटोप्थोरा नावाची बुरशी पाण्याबरोबर खोडावर चढते आणि जोड जमिनीलगत असला तर संत्र्याच्या नाजूक सालीला गाठते. साल फुटते, त्यातून डिंक गळू लागतो, मुळ्या कुजतात आणि झाड वरून वाळत येते. या रोगाला शेतकरी डिंक्या म्हणतात. आम्ही हे शास्त्र हिंदीतून शिकलो. पुस्तकातले नाव जड होते आणि लक्षातही राहिले नाही. डिंक्या म्हटले की झाड लगेच डोळ्यांपुढे उभे राहते.

डिंक्याचे कारण बरेचदा पाणी देण्याच्या पद्धतीत असते. खोडाला लागून आळे केले की पाणी सालीला भिडते. त्याऐवजी दुहेरी आळे करतात : खोडाभोवती मातीचा एक लहान कडा, बाहेर दुसरा, आणि पाणी फक्त दोहोंच्या मध्ये. शिवाय खोडाला बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातील द्राक्षबागांसाठी १८८५ च्या सुमारास तयार झाले. जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही विदर्भात संत्र्याची खोडे त्यानेच निळसर रंगवलेली दिसतात.

दुसरा रोग याहून घातक आहे. त्याला ग्रीनिंग म्हणतात, कारण रोगट फळ देठापासून दूरच्या टोकाला हिरवेच राहते, लहान व वाकडे होते. हा रोग एका जिवाणूमुळे होतो. तो दोन वाटांनी पसरतो : सिट्रस सायला नावाची अगदी बारीक कीड नवतीवर बसून रस शोषते आणि जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि रोगी झाडाचा डोळा काढून कलम केले तर रोप जन्मतःच रोगी होते. लागण झाल्यावरही काही काळ झाड निरोगी दिसते. बरे करणारे औषध अजून नाही.

तो किती नुकसान करतो ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दिसले. तिथे ही आशियातली कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४ मध्ये तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख. मधल्या काळात चक्रीवादळेही आली, पण मुख्य मार रोगाचा होता. पैसा, यंत्रे, विद्यापीठे सगळे असताना ही गत झाली.

मुलांनो, एक परीक्षा घरच्या कागदी लिंबावरही करून पाहा. पिवळे पडलेले पान घ्या. मधल्या शिरेच्या एका बाजूला पेनाने लहान वर्तुळ काढा आणि बरोबर समोर, दुसऱ्या बाजूला, तेवढेच दुसरे. दोन्हींत पिवळा-हिरवा रंग सारखा असेल तर बहुधा जस्तासारख्या अन्नद्रव्याची कमतरता आहे. एकात पिवळा आणि दुसऱ्यात हिरवा असेल तर ग्रीनिंगचा संशय घ्यायचा. खात्री मात्र प्रयोगशाळेतल्या पीसीआर तपासणीनेच होते. ही तीच पद्धत, जी कोरोनात सर्वांच्या तोंडी होती.

इतर किडी पुष्कळ आहेत. काळी माशी पानांवर चिकट गोड स्राव सोडते, त्यावर काळी बुरशी वाढते आणि झाड कोळशाने माखल्यासारखे होते. म्हणून त्याला कोळशी म्हणतात. रस शोषणारा पतंग रात्री येऊन पिकत्या फळाला सोंड खुपसतो आणि ते फळ गळते. गंमत म्हणजे त्याची अळी संत्र्यावर वाढत नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. कोरोनाच्या काळात घरोघरी लावलेली गुळवेल बागेच्या कुंपणावर मात्र शेतकऱ्याला नको असते.

आता नियमांकडे वळू. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. रोपवाटिकेला परवाना हवा, खुंट आणि डोळा कुठून घेतला याची नोंद हवी. वर सांगितलेले दोन्ही रोग रोपाबरोबर बागेत येऊ शकतात हे लक्षात घेतले तर हा कायदा शेतकऱ्याच्याच हिताचा आहे. पण अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजना घाटसारख्या गावांतून लक्षावधी रोपे माळव्यात आणि राजस्थानात जातात, आणि विकत घेणारा बहुतेक वेळा पानांचा हिरवेपणा आणि भाव एवढेच पाहतो. पाच रुपये वाचवताना पुढची पाच वर्षे पणाला लागतात, असे आमचे मत आहे.

औषधांचे नियम अलीकडे बदलले. लिंबावरच्या खैऱ्या रोगासाठी वापरात असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद करण्याचे ठरले. हे माणसांच्या क्षयरोगावरचेही औषध आहे, आणि शेतात ते सारखे फवारले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा लिंबूवर्गीय फळांवरचा वापर केंद्र शासनाने २०२३ मध्ये थांबवला. आम्हाला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. अडचण अशी की शेतकऱ्याचा सल्लागार म्हणजे बहुधा गावातला औषधाचा दुकानदार, आणि राजपत्र त्याच्यापर्यंत फार उशिरा पोहोचते.

एक नियम तर आपल्या देशात झालाच नाही. नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. त्याने २०१९ मध्ये किलोमागे २० टका आयात कर लावला आणि वाढवत वाढवत २०२३ मध्ये ८८ टक्यांवर नेला. निर्यात घटली, तो माल देशातल्याच मंड्यांत आला आणि भाव पडले. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या डिसेंबरात यातला निम्मा भार उचलण्याचे जाहीर केले. ज्याने २०१९ च्या पावसाळ्यात रोपे लावली, त्याची बाग नेमकी तेव्हा फळावर येत होती. सोयाबीनवाल्याला पुढच्या हंगामात पीक बदलता येते. याने काय करावे?

ज्या पालकांच्या बागा त्या पट्ट्यात आहेत, त्यांनी रोपांच्या खरेदीची पावती अवश्य पाहावी. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, परवाना क्रमांक आहे की नाही? अशा पावतीची एक प्रत आणि चार पिवळी पाने विज्ञान शिक्षकांकडे आणून दिली तर नववीच्या मुलांना पेनाची ती परीक्षा खऱ्या संत्र्याच्या पानावर करता येईल.